न झालेले गोल

एखाद्या जिवंत माणसाबद्दल, त्याला न विचारता, चार ओळी छापून त्या चारचौघांत वाटण्याचा पराक्रम तुम्ही कधी केला आहे का?

मी केला आहे. सोळाव्या वर्षी, सिंगापुरात, एका इटालियन आइस हॉकीपटूबद्दल. आणि तोसुद्धा त्याच्या भल्यासाठी!

जिथे आमची रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, होती त्या इमारतीत गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. तिसऱ्या मजल्यावर आता सोफे मिळतात. जिथे गोलची जाळी होती तिथे एक आजोबा सोफ्यावर बसून स्प्रिंग तपासत होते, आणि त्यांची बायको म्हणत होती, "टू सॉफ्ट लाह, उठताना मला बोलवाल." विक्रेती माझ्याकडे आली. मी तिला म्हटलं, मी फक्त बघतेय. पण मी जे बघत होते ते तिच्या दुकानात नव्हतं.

पूर्वी सरकत्या जिन्यावर असतानाच नाकाच्या शेंड्याला थंडी लागायची. मग वास यायचे. ओल्या मोज्यांचा, रबरी चटयांचा, भाड्याच्या बुटांत फवारलेल्या औषधाचा, आणि खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यांवरून वाट चुकून वर आलेल्या तळलेल्या लसणाचा. बाहेर ऊन असं की बसस्टॉपचा बाक पोळायचा, आणि आत आमच्या तोंडातून वाफ निघायची. सिंगापूरला ऋतू नाहीत म्हणतात. खोटं आहे. एक होता, आणि तो तिसऱ्या मजल्यावर होता.

त्या हिवाळ्यात मी बाबांचा जुना बॉयलर सूट घालून जायचे. आमच्या घरात लोकरीचं काहीच नव्हतं, आणि मरीन इंजिनिअरच्या घरात सर्वांत जाड कापड तेच असतं. बाह्या तीनदा दुमडलेल्या, पाठीवर एका जुन्या बोटीचं अर्धं पुसलेलं नाव. परतताना बाहेरची दमट हवा लागली की चष्म्यावर पांढरं धुकं बसायचं आणि मी पाच मिनिटं आंधळी होऊन तशीच उभी राहायचे. कान अजून आत असायचे. पात्यांची खरखर, फळ्यांवर आदळणाऱ्या रबरी चकतीचा ठोका. त्या चकतीला 'पक' म्हणतात, आणि तो ठोका अजूनही कुठे काही पडलं की माझ्या छातीत वाजतो.

माझं मराठी वाचन पत्रकांवर झालं, हेही सांगायला हवं. आई मुंबईत कामगार स्त्रियांच्या संघटनेत होती. बाबांना इथल्या गोदीत बोटदुरुस्तीचं काम मिळालं तेव्हा तिने सामानात भांडी कमी आणली आणि पत्रकं जास्त. पाया लेबारच्या आमच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती. गुलाबी, पिवळे, हिरवट, पापडासारखे पातळ कागद. मराठी पुस्तकं हाताशी नव्हती, म्हणून तिने मला त्यांच्यावरच वाचायला शिकवलं. इतर मुलांनी 'कमळ बघ' वाचलं असेल, मी 'भगिनींनो, जाग्या व्हा!' वाचलं. उद्गारचिन्ह मला अनुस्वाराच्या आधी कळलं. आजही मी वाण्याची यादी लिहिते ती मागण्यांसारखीच दिसते.

आणि मग ब्रुनो.

तो रिंकचा यंत्रवाला होता. गोठवणारी यंत्रं सांभाळायची, बर्फ राखायचा, आणि रविवारी सकाळी आम्हा दहा-बारा नवशिक्यांना शिकवायचं. बेचाळिशीचा, मान नसल्यासारखा, नाक दोनदा मोडून आपल्या मर्जीने बसलेलं. रोज सकाळी कोणी यायच्या आधी तो गुडघे टेकून बर्फावर उघडा तळवा ठेवायचा आणि निकाल द्यायचा, "आज कडक आहे" किंवा "आज खीर आहे." खीर असली की त्या दिवशी सगळे पडायचे.

बाबांची आणि त्याची ओळख यंत्रामुळे झाली. मला न्यायला आलेले बाबा एकदा भिंतीपाशीच थबकले, यंत्रखोलीत शिरले, तिथला स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक कॉम्प्रेसरवर आणि मूठ कानाला लावली. "बेअरिंग रडतंय," ते म्हणाले. ब्रुनोने तो घेऊन स्वतःच्या कानाला लावला, डोळे मिटले, आणि बाबांना मिठी मारली. त्या दिवसापासून बाबा त्याचे 'चीफ' आणि आमचं घर त्याचं रविवारचं जेवण.

"चीफ, तुमची मुलगी मागे मागे फार छान जाते," तो पहिल्याच जेवणाला म्हणाला.

"तिला पुढे जा सांगा, मग बघा कशी मागे जाते ते," आई म्हणाली. "भात घ्या, ब्रुनोभाऊ. लाजू नका."

तो लाजत नसे. मला तो 'आव्वोकातो' म्हणायचा. म्हणजे वकील. कारण मी प्रत्येक नियमावर वाद घालायचे. हेल्मेट का, रांग का, मुलींना आखूड काठ्या का. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "आव्वोकातो, खटला तू जिंकलीस. आता दहा चकरा, उलट."

उलट जाणं हेच त्याचं शास्त्र होतं. तो बचावपटू होता. समोरून माणूस अंगावर धावून येतो आणि आपण त्याच्याकडे तोंड करून, त्याच वेगाने, मागे मागे जात राहायचं. पककडे बघायचं नाही, ती फसवते. छातीकडे बघायचं, छाती खोटं बोलत नाही. सराव संपला की बर्फ वाचता यायचा. पुढच्या फळीच्या खेळाडूंच्या रेघा सरळ, चाकूने ओढल्यासारख्या, आणि त्यांच्यामधून मागे जाणारी ब्रुनोच्या अर्धचंद्रांची दुहेरी ओळ. मग बर्फ गुळगुळीत करणारी गाडी यायची आणि सगळं पुसून टाकायची.

त्याची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली. तो स्केटच्या पात्यांना धार लावायचा तेव्हा बोलायचा. चाक फिरत असलं की शब्द, चाक थांबलं की शांतता. ठिणग्या, जळक्या लोखंडाचा वास, आणि उत्तर इटलीतलं एक डोंगराळ खोरं. तिथलं तळं गोठलं की त्याचा बाप कुऱ्हाडीच्या दांड्याने बर्फ ठोकायचा आणि आवाजावरून सांगायचा, आज मुलं जाऊ शकतात, आज फक्त मांजर. सतराव्या वर्षी गावच्या संघात. शेजारच्या खोऱ्यातले जर्मन बोलायचे, त्यामुळे त्याला दोन भाषांत शिव्या खाता येऊ लागल्या. घाटातून रेंगाळत जाणारी संघाची बस, काचेवरचं धुकं, मागच्या बाकावर कागदाच्या पुड्यांत भाजलेले चेस्टनट. तेरा हिवाळे असे.

दोनदा देशाच्या संघात निवड झाली. पहिल्यांदा सगळी स्पर्धा बाकावर गेली. "खेळाडू आत-बाहेर जातात ना, ते छोटं दार मी उघडायचो," तो म्हणाला. "काय सुंदर उघडायचो!" दुसऱ्यांदा तो खेळला, आणि जोरात मारलेल्या एका फटक्याच्या आड त्याने आपला घोटा घातला. मोडलेल्या घोट्यावर उभा राहून त्याने पाळी पुरी केली. मग आणखी दोन हिवाळे. मग सिंगापूर. मधलं काही त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एवढं ऐकूनही एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. त्याने एकाही गोलाबद्दल कधी सांगितलं नव्हतं.

रिंकवर मोठ्यांचा एक संघ होता. कॅनेडियन, फिनिश, जपानी, दोन-तीन इथलेच, आणि बचावाला ब्रुनो. कर्णधार ग्रेग हा रॅफल्स प्लेस भागातल्या एका बँकेत होता आणि बर्फावरही बँकेतल्यासारखाच बोलायचा. गोलकीपर होते लिम अंकल. दिवसभर टॅक्सी चालवायचे आणि म्हणायचे, "रस्त्यावर मी सगळ्यांना वाट देतो, इथे कोणालाच देत नाही."

त्या वर्षी हाँगकाँगहून पाहुणा संघ येणार होता. ब्रुनोचा करार दोन महिन्यांत संपत होता आणि त्याला परत जायचं होतं. म्हणजे हा त्याच्या आयुष्यातला शेवटचा सामना. तिकडे गेल्यावर मी पात्यांना धार लावीन, पण दुसऱ्यांच्या, असं तो म्हणाला होता. ते सांगताना त्याने चाक सुरू केलं नव्हतं. मला तेवढं पुरेसं होतं.

ग्रेगने निवडीचा कागद दारावर लावला. प्रत्येकाच्या नावापुढे वर्षभरातले गोल. ब्रुनोपुढे शून्य. म्हणून ब्रुनो बाहेर.

ब्रुनोने कागद वाचला, टोपी नीट केली आणि यंत्रखोलीत गेला. मी पेटले!

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर बसून माझं पहिलं पत्रक लिहिलं, इंग्रजीत, पण हाड मराठी. 'मित्रहो! हा अन्याय किती काळ सोसणार?' पुढे बर्फ राखणाऱ्या हातांचा आणि बर्फावर मिरवणाऱ्या पायांचा झगडा आला. आणि मग हात आपोआप लिहून गेला: 'इटलीसाठी शंभरावर गोल करणारा हा वीर...' शंभर कुठून आले? कुठूनच नाही. पत्रकात आकडा लागतो. पेटीतल्या प्रत्येक कागदावर 'हजारोंच्या संख्येने' असायचंच, आणि मी त्यावरच वाढलेली. चाळीस प्रती काढल्या. रविवारी रिंकच्या दाराशी उभी राहून एकेकाच्या हातात दिल्या.

आणि पत्रक यशस्वी झालं. तेच वाईट झालं.

ग्रेग वाचून मोठ्याने हसला. "शंभर? ब्रुनो, लपवलंस की रे! चल, ये खेळायला, मिस्टर हंड्रेड. सगळ्यांत पुढे उभा राहा, गोल मार." बाकावरून टाळ्या पडल्या. 'हंड्रेड! हंड्रेड!'

ब्रुनोने कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे आला. "तेरा वर्षांत मी अकरा गोल केले," तो म्हणाला. "त्यातले दोन चुकून. आव्वोकातो, हा कागदावरचा माणूस कोण आहे? मी याला ओळखत नाही." आणि ग्रेगला म्हणाला, "तुला तो हवा असेल तर त्याला शोध. मी नाही खेळत."

घरी बाबा अंगातला शर्टही न काढता खुर्चीत बसले. "इथे असे कागद वाटत नाहीत. कोणी तक्रार केली असती म्हणजे? इथे काम करायच्या माझ्या पासचा विचार केलास?"

आईने पत्रक हातात घेतलं. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, ही तरी माझ्या बाजूची. ती म्हणाली, "शंभर त्याने सांगितले होते?"

"नाही. पण मुद्दा खरा होता!"

"मुद्दा खरा असला की आकडा खोटा चालतो?"

"मग तुमचे हजारो?" मी ओरडले. "प्रत्येक मोर्चाला हजारो!"

आईने पत्रक टेबलावर ठेवलं. बाबा छताकडे बघू लागले. मग ती हळूच म्हणाली, "दोनशे दहा होतो. मी मोजले होते." आणि तिला हसू आलं, तसं मी तिचं आधी कधी पाहिलं नव्हतं, पकडल्या गेलेल्या मुलीचं. "पण आमच्यात एक रीत होती. चूक छापली गेली, तर ज्या दारावर पत्रक वाटलं त्याच दारावर दुरुस्ती वाटायची. ज्याने वाटलं त्यानेच. त्याच हातांत. मी दोनदा वाटली आहे. पहिल्यांदा वाटताना पाय कापत होते."

"मग हजारोंची का नाही वाटली?"

"ती तुझ्यावर आली बघ. बस लिहायला."

पण लिहायचं काय? त्याचं मोठेपण कशात आहे, हेच मला सांगता येत नव्हतं. मी लिम अंकलना गाठलं. इमारतीखाली टॅक्सीत पाय बाहेर सोडून ते कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत होते.

"तू नेहमी कुठे बसतेस?" त्यांनी विचारलं.

"मधोमध."

"चूक. माझ्या मागे बस, जाळीच्या मागे. पक बघू नको. फक्त त्याला बघ. आणि दर वेळी मला काही काम पडलं नाही, तर लिहून ठेव. यू कॅन काउंट, राइट? काउंट लाह."

ग्रेगच्या सामन्यातून बाहेर पडला तरी मोठ्यांच्या संघाबरोबरचा रविवारचा सराव ब्रुनोने सोडला नव्हता. दोन रविवार मी जाळीच्या मागे वही घेऊन बसले. आणि हळूहळू, अंधारात डोळे सरावतात तसं, मला दिसू लागलं. देवा रे, काय दिसू लागलं! धावत येणाऱ्याला तो अडवत नसे, फक्त एक पाऊल डावीकडे सरकायचा, आणि येणारा आपल्या मर्जीने गेल्यासारखा फळीकडे, निरुपयोगी कोपऱ्यात जायचा. त्याने काठी नुसती बर्फावर आडवी टेकवली की समोरचा आपल्या साथीदाराला पक द्यायचा विचारच सोडून द्यायचा. घाई नाही, आवाज नाही. लिम अंकल मागे वळून मला एक बोट दाखवायचे, एक. मग दोन. मी लिहीत सुटले. पहिल्या रविवारी चौदा. दुसऱ्या रविवारी सतरा. त्या चौदा आणि सतरा जागी काहीही घडलं नव्हतं, आणि माझं अंग शहारलं होतं.

नवीन कागदावर एकही उद्गारचिन्ह नव्हतं. वर लिहिलं: 'दुरुस्ती. मागच्या पत्रकातले शंभर गोल मी बनवले होते. ब्रुनोने अकरा केले.' खाली तारीख, वेळ आणि कोण कोण समोरून आलं आणि कुठे पोचलं नाही, एवढंच. ग्रेगचं नाव त्यात सहा वेळा होतं.

छापण्याआधी यंत्रखोलीत जाऊन कागद ब्रुनोपुढे धरला. त्याने चष्मा शोधला. बोट ठेवत ठेवत वाचला. एका ओळीवर थांबला, खिशातली पेन्सिल काढली आणि ती ओळ खोडली.

"हा मी नाही अडवला. हा लिमचा."

"बाकीचे?"

त्याने पेन्सिल पुन्हा खिशात ठेवली. यंत्राची घरघर चालू होती. मग म्हणाला, "तेरा हिवाळे. आणि माझ्या बापाने सुद्धा हे कधी मोजलं नाही." आणि पाठ फिरवून एक झडप उगाच उघडून पुन्हा बंद केली.

पुढच्या रविवारी त्याच दारावर, त्याच हातांत, चाळीस कागद दिले. कोणी हसलं नाही. ग्रेग उभ्याउभ्या वाचत राहिला. आपलं नाव सहा ठिकाणी वाचणं सोपं नसतं. शेवटी त्याने दारावरचा निवडीचा कागद काढला, मागच्या बाजूला नव्याने नावं लिहिली आणि यंत्रखोलीचं दार वाजवलं. "मागे," तो म्हणाला. "डाव्या बाजूला. जिथे तुझी जागा आहे."

तो सामना! आई साडीवर बाबांचं जाकीट घालून आली होती आणि पहिल्या मिनिटापासून उभी होती. दोन-दोन बरोबरी. घड्याळात एक मिनिटही उरलेलं नाही. आमचा पुढे घुसलेला खेळाडू पडला, पक सुटली आणि हाँगकाँगचे दोघे सुसाट निघाले. समोर एकटा ब्रुनो. तो मागे निघाला. दोघांच्या मधोमध, मागे मागे, अर्धचंद्र कापत, छाती बघत.  उजवीकडच्याने मान वळवली, आता तो साथीदाराला देणार, आणि ब्रुनो आडवा झाला. अख्खा माणूस, बेचाळीस वर्षं, मोडलेला घोटा, बर्फावर लांबच लांब, काठी पुढे. पक काठीला लागली आणि कोपऱ्यात गेली. भोंगा वाजला.

फलक तसाच होता. दोन-दोन. कोणी काही केलं नव्हतं!

आई माझा दंड गदागदा हलवत ओरडत होती, "पाहिलंस? अगं, झाला नाही! झाला नाही!" लिम अंकल जाळी सोडून सरळ ब्रुनोकडे गेले आणि त्याच्या शेजारी बर्फावर आडवे झाले. दोघेही छताकडे बघत हसत होते. बाबांनी हातमोजा काढून डोळे पुसले आणि आम्हाला सांगितलं की थंडीमुळे पाणी येतंय.

दोन आठवड्यांनी तो गेला. विमानतळावर त्याने माझा कागद पासपोर्टच्या आत चार घड्या करून ठेवलेला मी पाहिला. पत्रं आली, मग पत्ते बदलले, मग आली नाहीत. रिंकही गेली. ते वास कुठे गेले, तो ठोका कुठे गेला, ती वाफ कोणी घरी नेली, मला माहीत नाही. सोफ्यांच्या दुकानात मी त्या डाव्या बाजूच्या जागेवर जाऊन उभी राहिले. तिथे तिघांचा, राखाडी रंगाचा सोफा आहे. मी बसले नाही.

आता मी बावीस वर्षांची आहे आणि मला अजूनही राग येतो. ज्याने केलं त्याचं नाव फलकावर येतं. ज्याच्यामुळे अनर्थ टळला त्याच्यापुढे शून्य लिहितात आणि त्या शून्यावरून त्याला घरी पाठवतात. हे फक्त बर्फावर होत नाही. दवाखान्यात होतं, गोदीत होतं, तुमच्या स्वयंपाकघरात होतं.

म्हणून तुमच्याकडे माझी एक मागणी आहे, आणि ती पुरी करायला एक तास पुरे. या रविवारी घराजवळच्या कोणत्याही मैदानावर जा. मुलं-मुली काहीही खेळत असोत. गोलच्या मागे उभे राहा. मागच्या फळीतली एकच कोणी निवडा, जिचं नावही तुम्हाला माहीत नाही, आणि तासभर फक्त तिलाच बघा. मोजा. खेळ संपला, सगळे गोल करणाऱ्याभोवती जमले, की तुम्ही तिच्याकडे चालत जा. तिचं नाव विचारा. आणि तिला आकडा सांगा, खरा, एकही न वाढवता.